मुनियेच्या पायातलं कडं

२२ ऑगस्ट २०२४, गुरुवार

अनेकांतने पुण्याहून ही डायरी पाठवली त्याला आठ महिने झाले. "आई, तू दिवसभर जेवढं बोलतेस त्यातलं थोडं लिहीत जा, आजूबाजूच्यांना विसावा मिळेल," असं म्हणाला होता. पोटचा पोरगा आणि असे टोमणे. आज मात्र लिहिण्यासारखं घडलं म्हणून पहिलं पान उघडलं.

दुपारी एक तरणी बाई दारात उभी. संयोगिता नाव, जनावरांची डॉक्टर. कोल्हापूरच्या बाहेर टेकाडावर एका संस्थेचं पाखरांचं केंद्र आहे, ते ती चालवते. हुपरीत शिरून तिनं चांदीचं बारीक काम कोण करतं म्हणून चार घरी विचारलं आणि चारही घरांनी आमच्या दाराकडं बोट केलं. बरोबरच केलं. पैंजणाची बारीक कडी वळावीत तर आमच्या ह्यांनी, म्हणजे जयपालनी, आणि चांदीला उजळ द्यावा तर मी. माझा उजळ बघून सराफ चष्मा पुसतात. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते.

"काकू, आतून अडीच मिलिमीटरचं कडं पाहिजे," ती म्हणाली. "सांधा कुठं जाणवायला नको."

"कुणाच्या पायात घालणार? मुंगीच्या?"

"मुनियेच्या."

मग तिनं फोनवर फोटो दाखवला. हिरवं पाखरू, चिमणीहून लहान, लाल चोच, कुशीवर पट्टे. हिरवी मुनिया. आपल्या देशाबाहेर कुठंच नाही म्हणे, आणि दिसायला सुंदर म्हणून लोकांनी जाळी लावून धरली, पिंजऱ्यात घालून विकली. आता रानात मोजकी उरलीत. एका मोठ्या प्राणिसंग्रहालयानं संयोगिताला सहा जोड्या दिल्यात. अट अशी की डिसेंबरअखेर निदान दहा पिल्लं जगवायची आणि प्रत्येकाच्या पायात कडं पाहिजे. नाही जमलं तर जोड्या परत.

"कडं कशाला पण?" ह्यांनी विचारलं.

"तो तिचा जन्माचा दाखला. पहिल्या आठवड्यात पाऊल एवढंसं असतं, तेव्हाच बंद कडं आत जातं. नंतर जात नाही आणि निघतही नाही. रानातून धरून आणलेल्या पाखराला ते घालताच येत नाही. कडं असलं की पाखरू केंद्रात जन्मलं हे शाबीत होतं."

परदेशातून मागवलेली कडी दोन महिने झाले आली नाहीत आणि इकडं घरट्यांत अंडी पडलीत, म्हणून ती हुपरीला आली. ॲल्युमिनियमची असतात म्हणे. मी म्हटलं, आमच्या घरात चांदीची होतील. ह्यांनी लगेच नमुन्याची दोन करून काट्यावर टाकली, दोन मिळून गुंजभर भरली. एवढं ओझं पाखराला चालतं म्हणाली.

जाताना तिनं माझे हात हातात घेतले. पोरगी बरी आहे, पण जेवत नसावी नीट.

३१ ऑगस्ट, शनिवार

केंद्र बघून आले. एसटीनं कोल्हापूर, पुढं रिक्षा. मोठमोठ्या जाळीच्या खोल्या, आत उंच गवत, आणि गवतात टांगलेल्या वेताच्या टोपल्या. त्या टोपल्यांत मुनिया घरटं करतात.

पाखरांचं सगळं आकाराम बघतो. साठीला आलेला माणूस, बावीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीवर होता. आवाजानं एक कान गेला म्हणून माणसांशी ओरडून बोलतो. पाखरांशी कुजबुजतो.

"या वैनी, या! आवाज करू नगासा!" असं तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की तीन पाखरं उडाली.

त्यानं एक मादी दाखवली. टोपलीतून चोचीत काहीतरी पांढरं धरून बाहेर आली आणि लांब नेऊन टाकलं.

"आजच पिल्लं निघाल्यात, त्यांची घाण हाय ती. लई स्वच्छतेची बघा ही. घरट्यात पांढरं, चकाकणारं कायबी दिसू दे, धरलं की भाईर. परवा डॉक्टरांच्या पेनाचं टोपन पडलतं आत, त्ये बी टाकलं."

मला ती मादी फार आवडली. घर असंच ठेवावं. आमच्या शेजारणींना आणून दाखवायला पाहिजे.

एक गोष्ट मात्र खटकली. पिल्लांना वाळवी चारतात. मी तोंड फिरवलं. संयोगिताला विचारलं, "एक जीव वाचवायला शंभर मारायचे?" ती म्हणाली, "काकू, रानात त्यांची आई हेच चारते. मी फक्त आईला मदत करते." उत्तर पटलं असं म्हणवत नाही आणि खोडूनही काढता येईना. बसमध्ये तेच डोक्यात होतं.

१ सप्टेंबर, रविवार

बारा कडी झाली. ह्यांनी बारीक नळी ओढली, सांधा झाळून जोडला, पुन्हा ओढली. सांधा भिंगातूनही दिसत नाही. मग कापून प्रत्येकावर आकडा ठोकला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत बसले होते.

उजळ माझा. रिठ्याचं पाणी, पितळी ब्रश, वरून मऊ कापड. हे म्हणाले, "पाखराच्या पायात कुणाला दिसणार हाय? कशाला एवढं घासतीस?" मी म्हटलं, "हुपरीचं काम आहे, दिसो न दिसो." चाळीस वर्षं संसार केला तरी ह्या माणसाला उजळ म्हणजे काय ते कळलं नाही. कडी मखमलीच्या डबीत ठेवली तेव्हा तांदळाएवढे दिवे लागल्यासारखी दिसत होती.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आज पहिली तीन पिल्लं सजली! संयोगितानं मला मुद्दाम बोलावलं. सहा दिवसांची, उघडी, डोळे जेमतेम उघडलेली. पुढची तीन बोटं एकत्र धरायची, कडं सरकवायचं, मागचं बोट हलकेच सोडवायचं. पहिलं तिनं घातलं, दुसरं मी. तिसरं पिल्लू जरा किरकोळ होतं, त्याला सैल झालं, पण संयोगिता म्हणाली वाढेल.

टोपलीतल्या अंधारातही तिन्ही पाय लखलखत होते. मला मुलीच्या पायात पहिले वाळे घातल्यासारखं वाटलं. मला मुलगी नाही, तरी वाटलं.

७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी फोन आला. दोन पिल्लं जमिनीवर मरून पडलेली. तिसरं, ते किरकोळ, टोपलीत जिवंत आहे, पण त्याचं कडं गळून खाली पडलंय.

काल संध्याकाळी टेकाडाखालच्या रस्त्यानं गणपती आणण्याच्या मिरवणुका गेल्या. साउंड सिस्टिमनं जमीन हादरत होती म्हणे. पाखरं बिथरली असणार, धडपडीत पिल्लं पडली असणार. आणि आकाराम काय करत होता? त्या बाजूला पोत्याचे पडदे सोडायला नकोत? फोनवर त्याला चांगलं झापलं. तो म्हणाला, "वैनी, पडदं सोडलतं की. मी हितंच बसलोतो रातभर." मी म्हटलं, "एका कानानं काय ऐकणार तुम्ही?" आणि फोन ठेवला.

जे बोलले त्याचं वाईट वाटत नाही. दोन जीव गेलेत.

८ सप्टेंबर, रविवार

दशलक्षण पर्व सुरू झालं. दहा दिवस एकाशन, एकदाच जेवायचं. आज पहिला दिवस, उत्तम क्षमेचा. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, प्रवचन छान झालं. क्षमा कशी मनापासून पाहिजे ते फार नेमकं सांगितलं. शेजारची बाई पेंगत होती, तिला मी कोपरानं ढोसलं.

आकारामला माफ करायचं काही मनात येत नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

रात्रभर विचार केला आणि कारण सापडलं असं वाटतं. कड्याच्या कडा! बाहेरून आरसा, पण आतून जराशी खरखर राहिली असणार. पिल्लाला टोचलं, ते वळवळलं, वळवळत टोपलीच्या तोंडाशी आलं आणि पडलं. ज्याचं कडं गळालं ते वळवळलं नाही, म्हणून वाचलं. सरळ आहे.

म्हणजे चूक माझीही आहे, हे लिहायला हवं. पण चूक कळली की दुरुस्त करायची. दिवसभर बसून उरलेली नऊ कडी आतून-बाहेरून घासली. दोऱ्याला पावडर लावून आतून दोरा फिरवला. एवढा उजळ मी लग्नाच्या पैंजणालाही दिला नव्हता. जेवताना हे म्हणाले, "अगं, आधी बघ तरी तिथं जाऊन." मी म्हटलं, बघायचं काय आहे त्यात.

१२ सप्टेंबर, गुरुवार

दुसऱ्या टोपलीतली तीन पिल्लं, नवी कडी. संयोगितानं घातली. फोनवर म्हणाली, "काकू, काय चमकताहेत!" आवाज मात्र थकलेला होता. चौथ्या आणि पाचव्या जोडीची अंडी वांझ निघालीत. प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांचा फोन आला होता, पहिली दोन गेल्याचं त्यांना कळवावं लागलं. ते म्हणाले, अशानं डिसेंबरपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

उद्या पहिल्या एसटीनं जाते. तिला एकटीला सोडवत नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आजच लिहिणार, उद्यावर टाकायचं नाही.

साडेसातला पोचले. आकाराम जमिनीवर बसलेला, मूठ छातीशी धरून. एक पिल्लू आधीच मेलेलं. दुसरं गार पडलेलं त्याला जमिनीवर सापडलं, ते मुठीत धरून तो ऊब देत होता, फुंकर घालत होता. तिसरं टोपलीत. वीस मिनिटांनी पिल्लानं मान हलवली. त्यानं ते हळूच टोपलीत परत ठेवलं.

टोपली मागून एका फळीला टेकवलीय, तिथं फळीला आणि टोपलीला बोटभर फट आहे. मी तिला डोळा लावून बसले. कुठं मिरवणूक नाही, कुठं आवाज नाही, ऊन नुसतं गवतावर आलेलं. मादी आली. पिल्लांनी चोची उघडल्या. ती चारायला वाकली आणि तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. टोपलीच्या तोंडातून उन्हाची तिरीप आत आली होती आणि माझं कडं झगझगत होतं.

तिनं कडं चोचीत धरलं. पिल्लाला नाही, कड्यालाच. आणि ओढलं. पिल्लू उलटं लोंबकळत तिच्यामागं टोपलीच्या तोंडापर्यंत आलं. तिला त्यात पिल्लू दिसतच नव्हतं. घरात घाण पडलीय, एवढंच तिला दिसत होतं.

मी ओरडले. आकारामनं टोपलीखाली ओंजळ धरली आणि पिल्लू त्यात पडलं.

संयोगिता धावत आली. मी सांगितलं, तिनं पिल्लाचा पाय बघितला. "मला कळायला पाहिजे होतं," असं तीनदा म्हणाली. मग लगेच, "कडी कापायला लागतील, काकू. आत्ता." तिच्याकडचं कटर जाडजूड, मोठ्या पक्ष्यांसाठीचं. "ह्यानं पाय मोडेल," म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं.

माझ्या पिशवीत बारीक टोकाची कातर असते. चष्मा नाही, भिंग नाही, नुसते डोळे. तिनं पिल्लू ओल्या फडक्यावर धरलं. पाय काडेपेटीच्या काडीहून बारीक आणि आत रक्त वाहताना दिसत होतं. मी णमोकार मंत्र म्हटला, कातरीचं टोक कड्याच्या काठावर टेकवलं, श्वास धरला आणि दाबलं. चांदी मऊ असते, देवाची कृपा. दुसऱ्या बाजूनं परत एकदा दाबलं. कडं दोन तुकडे होऊन पडलं आणि पिल्लानं पाय झाडला. मग दुसऱ्याचं कापलं.

बिनकड्याची दोन्ही टोपलीत ठेवली. मी पुन्हा फटीला. मादी आली, वाकली, इकडंतिकडं बघितलं आणि चारायला लागली. इतकी साधी चारत होती, जणू काही झालंच नव्हतं.

आमच्या घरी पाणी गाळून पितात. दिव्यावर चिलट येऊन मरू नये म्हणून सूर्य मावळला की आम्ही जेवत नाही. आणि माझ्या हातच्या कामानं तीन जीव गेले. वाळवीवरून त्या पोरीला शिकवायला निघाले होते मी! ह्यांनी विचारलं होतं कशाला एवढं घासतेस. आकारामनं तर तोंडावर सांगितलं होतं, चकाकणारं दिसू दे की बाहेर. ऐकून घेतलं आणि त्या मादीचं कौतुक करत बसले.

संध्याकाळी निघताना संयोगिता म्हणाली, पिल्लं उद्या आठ दिवसांची. उद्या दुपारपर्यंत कडं पायात गेलं तर गेलं, परवा पाऊल मोठं होईल. मग ती जगली तरी मोजली जाणार नाहीत.

मी म्हटलं, उद्या बाराला येते.

१४ सप्टेंबर, शनिवार

पहाटे उठून विठाबाईच्या दारात. विठाबाई मागच्या आळीत राहते. चांदीला गंधकाचं पाणी देऊन काळं करते, शहरातल्या मुलींना तसले दागिने आवडतात. वीस वर्षं मी तिला चांदीला काजळ फासणारी म्हणत आले, चारचौघांत म्हणत आले.

"आलीस व्हय शेवटी?" ती म्हणाली.

"आले. शिकव."

तिनं जास्त ताणलं नाही. चहा टाकते म्हणाली, मी एकाशन आहे म्हटलं, तेव्हा नुसतंच कामाला बसलो. गरम पाण्यात गंधकाचं औषध, त्यात माझी आरशासारखी कडी. मी डबीतून एकेक सोडली. आधी पिवळी पडली, मग तांबूस, मग निळसर, मग काळी. बघवत नव्हतं. "लगीच काढू नगंस, अजून चमकतंय," असं विठाबाई सांगत राहिली. मग धुतली, पुन्हा धुतली, सात पाण्यांतून काढली. वास राहिला तर पिल्लाला बाधेल अशी मला भीती.

ह्यांनी भिंगातून बघितली. "आकडा वाचता येतोय," म्हणाले. तेवढं बोलून गाडीची किल्ली घेतली आणि मला स्वतः मोटारसायकलवर सोडायला निघाले. गुडघा दुखत असताना.

पावणेबाराला पोचलो. पाऊल खरंच वाढलं होतं. पहिल्याला तेलाचं बोट लावून गेलं. दुसऱ्याचं मागचं बोट अडकलं. संयोगिता थांबली, माझ्याकडं बघितलं, मी थांब म्हटलं नाही आणि तिनं अजून एकदा सरकवलं. गेलं!

टोपलीत ठेवलं तर कडं कुठाय ते मलाच शोधावं लागलं. मग आम्ही चौघं फळीमागं दाटीवाटीनं उभे. मादी आली. वाकली. खाली बघितलं. माझ्या मानेवर संयोगिताचा श्वास लागत होता.

चारलं तिनं. दोघांनाही चारलं आणि ऊब द्यायला वर बसली.

आकाराम काहीतरी म्हणायला गेला, ह्यांनी त्याचं तोंडच दाबलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज क्षमावाणी. पर्व संपलं की सगळ्यांची माफी मागायची असते. बस्तीत सगळे सगळ्यांना हात जोडतात, ज्यांच्याशी भांडण नाही त्यांना तर जास्तच उत्साहानं. मी तिथून निघाले ती थेट केंद्रावर.

आकाराम गवत कापत होता. मी समोर उभी राहून हात जोडले आणि त्याच्या चांगल्या कानाकडं जाऊन म्हटलं, "तुम्हाला नको ते बोलले. तुमच्या कानावरून बोलले. मला माफ करा."

तो गांगरला. विळा खाली ठेवला. "काय वैनी हे! पाया पडून घेता काय माझ्या?" मग जरा थांबून, "आता तुमी काढलंसाच तर सांगतो. मी बी तुमास्नी लई शिव्या घातल्या. मनातल्या मनात. त्या बी माफ करून टाका."

"किती घातल्या?"

"फाउंड्रीतल्या हुत्या. सांगण्यासारख्या न्हाईत."

मी खूप हसले, आणि हसता हसता रडले. गेलेल्या तीन पिल्लांची माफी कुणाकडं मागायची ते मात्र मला कळलं नाही. त्यांना पुरलेल्या जागेशी जरा उभी राहिले.

दोन्ही पिल्लं पिसांवर आलीत.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दोन्ही उडाली! टोपलीतून गवतावर, गवतावरून जाळीवर, जाळीवरून आकारामच्या टोपीवर. संयोगितानं व्हिडिओ पाठवला, तो मी विठाबाईला दाखवला, बस्तीत दाखवला, दळणाच्या रांगेत दाखवला. हिरवी अजून झाली नाहीत, मळकट दिसतात, चोच काळी. पण पायात कडं घालून उडतात.

प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांनी वाट बघायचं कबूल केलंय.

१० नोव्हेंबर, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही कारण सगळं चांगलं चाललंय आणि चांगलं लिहायला मला सुचत नाही. पाच नव्या टोपल्या भरल्या, त्यांच्यासाठी ह्यांनी नवी कडी केली आणि विठाबाईनं काळी केली. चौथ्या जोडीची अंडीसुद्धा या खेपेला फळली. काळं कडं घातलेलं एकही पिल्लू बाहेर पडलं नाही. एक थंडीनं गेलं, त्याचं वाईट वाटलं, पण त्यात कड्याचा दोष नव्हता. आज मोजली, अकरा.

अनेकांत फोनवर म्हणाला, "आई, तू आता मुनियेशिवाय काही बोलतच नाहीस." मी म्हटलं, बाबा, तुझ्या लग्नाचं बोलू का? त्यानं लगेच मुनियेची चौकशी केली.

१८ डिसेंबर, बुधवार

साहेब आले. पृथ्वीराज नाव, उंच, कमी बोलणारे. प्रत्येक पाखरू हातात घेतलं, भिंगातून आकडा वाचला, वहीशी ताडला. प्रत्येक कडं ओढून बघितलं, निघतंय का. मी आणि हे बाजूला उभे, दहावीच्या निकालाला उभं राहावं तसे.

"अकरा," साहेब म्हणाले. "सगळी पक्की." मग पहिल्या टोपलीतल्या त्या बिनकड्याच्या पाखराकडं बघून म्हणाले, "हे दाखल्यात धरता येणार नाही. इथंच राहू दे." आकारामला तेच पाहिजे होतं.

"कडी कुठल्या कंपनीची?" त्यांनी विचारलं. "इतकी बारीक आणि सांधा नाही."

"कंपनी न्हवं सायेब!" आकाराम एवढ्या जोरात ओरडला की साहेब दचकले. "आमच्या वैनी हायत, आणि ह्ये आमचं पावणं! हुपरीचं!"

साहेबांनी हात जोडले. दुसऱ्या तीन ठिकाणी मुनियांची अशीच केंद्रं आहेत, तिथंही पाठवाल का म्हणाले. हे हो म्हणाले, आणि एवढे खूश झाले की घरी येताना रस्ता चुकले. आमच्या रोजच्या रस्त्यावर!

जोड्या इथंच राहणार. अकराच्या अकरा फेब्रुवारीत रानात सोडायच्या. संयोगिता म्हणाली, काकू, तुम्ही आलंच पाहिजे.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

रेल्वे, मग जीप. गावाचं नाव लिहायचं नाही असं संयोगितानं बजावलंय. धरणारे असतातच. एवढं लिहिते की उत्तरेला आहे, आणि उंच गवताच्या पलीकडं इथंही ऊस आहे, त्यामुळं मला परकं वाटलं नाही.

पंधरा दिवस पाखरं इथल्याच जाळीत ठेवली होती, हवेची सवय व्हावी म्हणून. आता सगळी हिरवीगार, चोची लाल. आज सकाळी दार उघडायचं होतं. साहेब म्हणाले, आकाराम उघडेल. आकाराम म्हणाला, वैनी उघडतील. मी म्हटलं, आपण दोघं उघडू, आणि उघडलं.

एकही बाहेर येईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दारातून बघतात आणि मागं फिरतात. जन्मल्यापासून आयतं खाल्लेली पाखरं, बाहेर जगतील कशी? ससाणा आहे, साप आहे, जाळीवाले आहेत. आत तरी सुखात होती. एवढा खटाटोप करून मी त्यांना मरायला आणलं की काय, असं सरळ मनात आलं. दार लावून घ्या म्हणून सांगणार होते.

तेवढ्यात उसाकडून आवाज आला. बारीक, किणकिण. आतली सगळी एकदम गप्प झाली. मग आतून एकीनं तसाच आवाज दिला. पलीकडून उत्तर आलं. संयोगितानं माझं मनगट एवढं घट्ट धरलं की अजून वळ आहे.

एक निघाली. दारावर बसली, शेपूट हलवली आणि गेली. मग तिच्यामागं दोन, मग उरलेल्या सगळ्या भर्रकन. गवतावरून उसाकडं. तिकडून रानातल्या उठल्या, पंधरा असतील, वीस असतील, आणि सगळ्या एकमेकींत मिसळून गवताच्या तुऱ्यांवर उतरल्या. तुरे वाकले. लगेच दाणे सोलायला सुरुवात.

"वैनी, मोजा की!" आकाराम ओरडला. "आपल्या अकरा हायत का बघा!"

मी मोजायला गेले. कडी कुठली दिसतात, एवढ्या लांबून आणि काळी. कोणती आमची, कोणती रानातली, काही कळेना. एकतीसपर्यंत आले, तेवढ्यात सगळ्या एकदम उडाल्या आणि दुसऱ्या गवतात बसल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.